इस्त्रीचा शर्ट आणि कराडची बोली : एका वर्णनाचं प्रकरण

'पोलिस असल्याची बतावणी करून ज्येष्ठ महिलेचे दागिने लांबवले.' पुण्यात गुन्हे वार्तांकन केलेल्या प्रत्येकानं ही ओळ इतक्यांदा लिहिलेली असते की हात आपोआप चालतो. वय, परिसर, ऐवजाची किंमत, अनोळखी दोघांवर गुन्हा दाखल, तपास अमुक उपनिरीक्षक करत आहेत. पाच ओळींत बातमी संपते. करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात कोथरूड-एरंडवण्याच्या पट्ट्यातून अशा बातम्या एकामागून एक येत राहिल्या, आणि या वेळी पाच ओळींवर थांबायचं नाही असं मी ठरवलं. पुढे जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. माझ्या कामाची रीत त्या प्रकरणानं बदलली आणि एका माणसाची नोकरी त्यात गेली.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल. मी मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकले आणि एका दैनिकात क्राइम बीटवर लागले. गुन्हेगाराच्या वर्तनाचा अभ्यास करणारी शोधपत्रकार असं पद आमच्याकडे नव्हतं, आजही नाही. सकाळी आयुक्तालय, दुपारी शिवाजीनगर न्यायालय, संध्याकाळी बातमी, हा दिनक्रम इतरांसारखाच. दोषारोपपत्र हातात आलं की कलमं बाजूला ठेवून मी आधी माणसं काय करत होती ते वाचायची. गुन्हा करणारा कुठे थांबला, काय बोलला, काय करायचं त्यानं टाळलं, हे वहीत उतरवायची. वरिष्ठांना हा छंद वाटायचा. हळूहळू 'हिला द्या, ही त्यातलं काहीतरी शोधेल' असं म्हणू लागले. या कामात करिअर होतं ते असं, कोणी नेमणूकपत्र देत नाही.

ही सवय लागली जोशी-अभ्यंकर खून खटल्याच्या वाचनानं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. करणारे चौघं टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्या दिवसांत दिवेलागणीलाच दारं लावून घ्यायचो, असं माझी आई सांगायची. विजयनगर कॉलनीतलं जोशींचं घर आणि भांडारकर रस्त्यावरचा अभ्यंकरांचा बंगला, दोन्हीकडे रीत तीच : हातपाय बांधायचे, तोंडात बोळा कोंबायचा, नायलॉनच्या दोरीनं गळा आवळायचा. हे एकाच टोळीचं काम आहे, एवढं त्या रीतीवरून कळत होतं. टोळी कोणाची, ते कळलं ओळखीपाळखीच्या मुलांच्या जबाबांतून आणि पुढे माफीच्या साक्षीदाराकडून. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. रीत एक गोष्ट सांगते आणि माणूस ओळखायला दुसरीच गोष्ट लागते, हे मी तेव्हाच वाचलं होतं. शिकाऊ वार्ताहरांना समजावूनही सांगत होते.

सकाळी साडेसहा ते साडेसात

फसवणुकीची पद्धत बघा. साठीच्या पुढची एकटी बाई फिरायला नाहीतर देवळात निघालेली. मोटारसायकल थांबते, एक जण उतरतो. "आजी, थांबा जरा. पोलिस आहोत आम्ही. रात्री पुढच्या चौकात एका बाईला भोसकलंय, साहेबांचं चेकिंग चालू आहे. एवढं सोनं घालून कशाला निघालात?" तेवढ्यात समोरून एक बऱ्या घरचा वाटणारा माणूस येतो. त्याला हा दरडावतो, "ए, तुला वेगळं सांगायला पाहिजे का?" तो निमूटपणे गळ्यातली चेन काढतो, कागदात बांधून खिशात टाकतो, "सॉरी साहेब" म्हणून निघून जातो. तो यांचाच साथीदार. मग आजींच्या पाटल्या-बांगड्या तशाच कागदात बांधल्या जातात आणि पुडी त्यांच्याच पर्समध्ये जाते. घरी जाऊन उघडली की आत खडे.

मी अकरा फिर्यादी मिळवल्या आणि आठ जणींशी बोलले. भारतीय दंडविधान तेव्हा लागू होतं, म्हणून प्रत्येक फिर्यादीखाली तीच कलमं : फसवणुकीचं ४२०, लोकसेवकाची बतावणी केल्याचं १७०, समान उद्देशाचं ३४. मजकूरही जवळजवळ एकच, कारण ठाणे अंमलदारानं तो आपल्या साच्यात बसवलेला. बाईंचे स्वतःचे शब्द त्यात शोधावे लागतात.

ते शब्द ऐकायला मिळाले तेव्हा मी अक्षरशः हरखून गेले होते. तो माणूस एकदाही 'द्या' असं म्हणत नाही. तो 'सांभाळून ठेवा' म्हणतो. चोराची भाषा आणि घरच्या माणसाची भाषा यातलं अंतर त्यानं एका क्रियापदात मिटवलेलं असतं. आठांपैकी तिघींनी मंगळसूत्र काढायला नकार दिला होता. नवरा हयात असताना ते गळ्यातून उतरवायचं नाही, हे त्या पिढीच्या अंगात भिनलेलं. तिघींनाही त्यानं सांगितलं, "राहू द्या, पदराखाली झाका." हिसकावलं नाही, आवाजही चढवला नाही. सोनसाखळी चोर इथे धसमुसळेपणा करतो. हे वेगळ्या जातीचं काम होतं. झटापट होईल तिथे माघार घ्यायची, हातातल्या पाटल्यांवर समाधान मानायचं, बाईला निघताना "धन्यवाद" म्हणायला लावायचं. खरोखरच दोघींनी त्याचे आभार मानले होते. हे सांगताना त्यांतल्या एक काकू पाच मिनिटं बोलू शकल्या नाहीत.

त्यांना सोनं गेल्यापेक्षा हेच जास्त लागलं होतं. "सून काही म्हणाली नाही हो," त्या म्हणाल्या, "पण तेव्हापासून बँकेत जाताना मुलगा बरोबर येतो." चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. त्या दिवसापासून घरात त्यांना कोणी पाचशे रुपये सुटे आणायलाही सांगेना. या गुन्ह्याची किंमत फिर्यादीत तोळ्यांत लिहितात, ती घराघरांत अशी फेडली जाते. त्यांची ही लाज मला दिसत होती. तिचा माझ्या माहितीवर काय परिणाम होतोय, हे मात्र दिसलं नाही.

चौकट

आठ मुलाखतींनंतर मी एक वर्णन तयार केलं. वय पस्तीस ते चाळीस. स्वच्छ, इस्त्री केलेला शर्ट. बोलण्यात सातारा-कराडकडची छटा. परिसराची चांगली माहिती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माहितगार : कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे, कोणाच्या घरी कोण असतं, हे ठाऊक असलेला. म्हणजे सोसायट्यांमध्ये कामानिमित्त ये-जा असणारा. एका चौकटीत ते मुद्दे छापले. मथळा होता 'माहितगारच करतोय घात?' शेवटचं प्रश्नचिन्ह संपादकांनी दिलं होतं आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असं आम्हा दोघांनाही वाटलं.

बातमी गाजली. सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर कात्रण लागलं, व्हॉट्सॲपवर फिरलं. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी फोन करून "अभ्यास चांगला आहे मॅडम" म्हटलं. मला त्याचा आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालून पहारेकऱ्याचा फोन आला, एक जण भेटायला आलाय. छत्तीस-सदतीस वर्षांचा माणूस, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला. घरोघरी काळजीवाहक पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे रात्रपाळीचा काळजीवाहक. रात्री सात ते सकाळी सात. अंगात इस्त्रीचा शर्ट, कारण ब्युरोचा तसा नियम असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घडी घातलेलं माझं कात्रण.

"ताई, ह्ये तुमीच लिवलंय का?"

मी हो म्हटलं. त्याला राग आलेला दिसत नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. सोसायटीच्या सभेत चौकट वाचली गेली. कोणीतरी म्हणालं, हे सगळं आपल्याकडच्या त्या रात्रीच्या माणसाला जुळतंय. अध्यक्षांनी ब्युरोला फोन केला, 'संशय नाही, पण उगीच जोखीम नको.' ब्युरोनं त्याला उतरवलं आणि दुसरं कामही देईना. पोलिसांनी त्याला बोलावलंही नव्हतं. आजोबांची बायको रडली, म्हणाला, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"त्यात माजं नाव न्हाई," तो म्हणाला, "पर वाचलं की मीच हाय असं मलाबी वाटतंय."

माझ्या चौकटीतला प्रत्येक शब्द त्याला लागू होत होता. वय, शर्ट, बोली, सकाळी सातची वेळ, घरोघरची माहिती. रात्रपाळी संपवून त्या वेळी बसस्टॉपकडे चालत जाणाऱ्या कोथरूडमधल्या कितीतरी माणसांना तो लागू झाला असता.

ध्वनिफितीत मी

त्या रात्री मी आठही मुलाखती पुन्हा ऐकल्या. या वेळी त्यांची उत्तरं सोडून माझे प्रश्न लिहून काढले. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

पहिल्या काकूंनी आपणहून सांगितलं होतं की त्याला त्यांचा मुलगा अमेरिकेत असल्याचं माहीत होतं. हा धागा मला इतका मोलाचा वाटला की दुसरीपासून मी प्रत्येकीला विचारत गेले, "त्याला तुमच्या घरचं काही माहीत होतं का हो?" प्रत्येकीनं क्षणभर थांबून म्हटलं, "हो, असावं." का नाही म्हणणार? अनोळखी माणसानं दोन मिनिटांत फसवलं, यापेक्षा घरची खडान्‌खडा माहिती असलेल्यानं फसवलं, हे स्वतःला आणि सुनेला सांगायला किती सोपं आहे! माझ्या प्रश्नानं त्यांना लाजेतून बाहेर पडायची वाट दाखवली आणि त्या तिथून गेल्या. त्यांचा काडीचाही दोष नाही.

प्रश्नातला एक शब्द आठवण बदलून टाकतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ सालीच दाखवून दिलं आहे. गाड्या 'आपटल्या' असं विचारलं की पाहणाऱ्यांना वेग जास्त आठवतो, 'भिडल्या' म्हटलं की कमी. एम.ए.च्या परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलं होतं.

बोलीचं तर आणखी वाईट. 'सातारी छटा' मी एकाच मुलाखतीवरून लिहिली होती. त्या काकूंनी त्याचं बोलणं हुबेहूब करून दाखवलं होतं, "आज्जी, काय चाललंय बघा तरी गावात." तो 'आज्जी'तला दुहेरी ज आणि तो हेल मी टिपून ठेवला. पुन्हा ऐकताना लक्षात आलं की काकू स्वतःही तशाच बोलतात. माहेर कराडचं. नवऱ्याचं, सुनेचं, रिक्षावाल्याचं बोलणं सांगतानाही त्याच हेलात सांगत होत्या. मी आरोपीची बोली म्हणून छापली ती साक्षीदाराची माहेरची बोली होती. उरलेल्या सातजणींनी 'आजी' असंच म्हटलं होतं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

त्यानंतर पाच जणींकडे मी परत गेले. या वेळी रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायसेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात बसवलेल्या कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूची रीत नीट पाळली. त्यात प्रसंग घडला त्या जागेचं वातावरण आधी मनात उभं करायचं, मध्ये तोडायचं नाही, क्षुल्लक वाटेल तेही सांगू द्यायचं आणि मग शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं. सरळ क्रमानं सांगताना माणूस गोष्ट रचतो, उलट क्रमात रचलेली गोष्ट अडखळते. पहिल्या काकूंबरोबर सकाळी पावणेसातला त्याच वळणावर जाऊन उभी राहिले. पुडी पर्समध्ये, त्याआधी कागद, त्याआधी तो चेनवाला, त्याआधी... त्या थांबल्या. "त्यानं विचारलं होतं, घरी कोण असतं? मीच म्हणाले, कोणी नाही बाबा, मुलगा अमेरिकेत आहे." मग त्यानं तेच वाक्य त्यांना परत दिलं होतं, "मुलगा लांब, तुम्ही एकट्या, जपायला नको का?" माहितगार असं कोणी नव्हतंच.

दुसऱ्या देशातलं एक कात्रण

ज्या शैलीत मी ती चौकट लिहिली ती अमेरिकेतून आलेली. एफबीआयनं १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा विभाग काढला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तुरुंगातल्या ३६ गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या आणि 'नियोजनबद्ध' व 'विस्कळीत' अशी गुन्हेगारांची विभागणी जगभर पोचली. २००४ मध्ये डेव्हिड कॅन्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर मालिका-खुन्यांच्या माहितीवर ती तपासली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट सापडले नाहीत. आपल्याकडेही शास्त्राचं नाव लागलं की माणसं लवकर मान तुकवतात. २००८ मध्ये पुण्याच्याच सत्र न्यायालयात एका खटल्यात मेंदूच्या विद्युत चाचणीचा आधार शिक्षेसाठी घेतला गेला आणि जगभर त्याची चर्चा झाली. अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सांगितलं.

पण मला त्या दिवसांत झोप लागू दिली नाही ती रिचर्ड ज्युएलच्या गोष्टीनं. २७ जुलै १९९६, अटलांटा ऑलिंपिक, सेंटेनियल पार्क. सुरक्षारक्षक असलेल्या ज्युएलला बेवारस पिशवी दिसली, त्यानं पोलिसांना सांगितलं, लोकांना मागे हटवायला मदत केली. स्फोट झाला, पण त्याच्यामुळे कितीतरी माणसं वाचली. तीनच दिवसांनी स्थानिक वृत्तपत्रानं छापलं की तपास त्याच्याभोवती फिरतो आहे आणि एकट्यानं बॉम्ब ठेवणाऱ्याच्या वर्णनात तो बसतो. जवळजवळ तीन महिने तो आणि त्याची आई कॅमेऱ्यांच्या गराड्यात राहिले, मग तो संशयित नसल्याचं पत्र सरकारी वकिलांनी दिलं. बॉम्ब ठेवणाऱ्या एरिक रुडॉल्फनं गुन्हा कबूल केला २००५ मध्ये. ज्युएल २००७ मध्ये गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याचं नाव तरी छापलं गेलं होतं, म्हणून त्याला दाद मागता आली. माझ्याकडे आलेल्या माणसाला तीही सोय नव्हती.

खुलासा कोणाचा?

संपादकांकडे गेले. ते भले गृहस्थ, पण म्हणाले, "आपण नाव कुठे घेतलंय? खुलासा कशाचा छापणार?" तीन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं की नवी बातमी पहिल्या पानावर जाईल आणि तिच्यातच आधीची चौकट चुकीची होती असं स्पष्ट लिहिलं जाईल.

ती नवी बातमी माझ्या आयुष्यात मी लिहिलेली सगळ्यांत उपयोगी बातमी आहे, असं मी मानते. तिच्यात आरोपीचं वर्णन नव्हतं, त्याची संहिता होती. तो पहिलं वाक्य काय बोलतो, 'घरी कोण असतं' कधी विचारतो, साथीदार कोणत्या क्षणी येतो, 'सांभाळून ठेवा' हे शब्द कसे येतात. सगळं मोठ्या अक्षरांत, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. खाली एकच सूचना : खरा पोलिस रस्त्यात कोणालाही दागिने काढायला सांगत नाही, असं कोणी म्हणालं तर जवळच्या दुकानात किंवा घरात शिरा आणि १०० नंबर फिरवा. महिनाभरानं डहाणूकर कॉलनीतून एका आजींचा फोन आला. "अगं, तो 'सांभाळून ठेवा' म्हणाला आणि मला तुझी बातमी आठवली. मी सरळ दूधवाल्याच्या दुकानात शिरले." पुढे गुन्हे शाखेनं दोघांना पकडलं. परजिल्ह्यातून यायचे, दोन दिवस लॉजवर राहायचे, निघून जायचे. वय चाळिशीच्या बरंच पुढचं. कोथरूडमधल्या एकाही घराशी त्यांचा संबंध नव्हता.

तेव्हापासून माझ्या वहीत डावीकडे एक रकाना असतो, माझा प्रश्न. उत्तर उजवीकडे. माझ्या तोंडून आधी गेलेला शब्द उत्तरात आला असेल तर त्याखाली लाल रेघ, आणि लाल रेघेचा मजकूर बातमीत जात नाही. व्यक्तीचं वर्णन मी लिहीत नाही, पद्धतीचं लिहिते. तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नयेत, त्यांच्या जबाबांची छाननी करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांना बजावलं. आमचं प्रकरण त्याआधीचं. आज मी त्या आठ जणींकडे गेले असते का, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. गेले नसते तर 'सांभाळून ठेवा' हे दोन शब्द बाहेर आले नसते. आता माझा प्रयत्न असतो की दोषारोपपत्र दाखल झालेल्या जुन्या प्रकरणांतून पद्धत उलगडायची आणि चालू तपासातल्या बाईंना त्रास द्यायचा नाही. त्यानं बातमी उशिरा येते, आणि त्या उशिरात आणखी कोणाच्या तरी पाटल्या जातात.

पहिल्या पानावर दुरुस्ती आली त्या दिवशी त्या काळजीवाहकाला मी फोन केला. म्हटलं, तुमचं नाव घालून स्वतंत्र खुलासा छापायचा प्रयत्न करते. तो घाबरला. "नगं ताई. गावाकडं कुणाला म्हाईत न्हाई. नाव आलं की समद्यास्नी कळंल कशापायी आलं ते." त्याचं खरं होतं. आरोप बिनानावाचा होता म्हणून दुरुस्तीही बिनानावाचीच राहिली, आणि सोसायटीच्या फलकावर तर ती कोणी लावलीच नाही.

म्हणून मी माझ्या नावानं दोन पत्रं लिहिली, एक सोसायटीच्या अध्यक्षांना, एक ब्युरोला. अमुक तारखेच्या बातमीतलं वर्णन चुकीच्या प्रश्नांवर आधारलेलं होतं, ते कोणत्याही प्रत्यक्ष व्यक्तीला लागू करता येणार नाही, या चुकीची जबाबदारी माझी आहे. खाली सही, फोन नंबर. सोसायटीकडून पोच आली नाही. ब्युरोनं दीड महिन्यानं त्याला निगडीला एका घरी पाठवलं, रात्रपाळीलाच.